झावळीची राख

राखेच्या बुधवारी आमच्या कपाळावर लागणारी राख कुठून येते, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी धर्मगुरूंनी आशीर्वाद देऊन वाटलेल्या झावळ्या वर्षभर घराघरांत येशूहृदयाच्या तसबिरीमागे खोचून ठेवलेल्या असतात. हिरवं पातं पिवळं पडतं, मग तपकिरी होतं, शेवटी हात लावला तरी तुटतं. उपवासकाळ जवळ आला की मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेनंतर, सूचना होते, जुन्या झावळ्या चर्चमध्ये आणून द्या. त्या घमेल्यात जाळायच्या, कुटायच्या, चाळायच्या. येशू यरुशलेममध्ये शिरला तेव्हा लोकांनी फांद्या हलवून त्याचा जयजयकार केला, त्याची आठवण म्हणून ही झावळी घरात येते. तोच जमाव पाच दिवसांत कसा फिरला, त्याचीही ती आठवण. वर्षाने तिचीच राख, माणूस मातीचा आहे एवढं सांगण्यापुरती, अंगठ्याने कपाळावर टेकवली जाते.

चर्चला लागणारं साहित्य विकणाऱ्या दुकानांत आता तयार राखही मिळते. बारीक, काळीभोर, पुडीत बांधलेली. विधी तिनेही होतो, धर्मशास्त्राच्या दृष्टीने त्यात काही उणं राहत नाही. पण मला त्या पुडीची काळजी वाटते. घरातून वेदीपर्यंत जाणारी एक वाट होती, ती या पुडीने बुजते. ख्रिस्ती जीवनात पवित्र ते आज कसं टिकून आहे, हा प्रश्न मनात घेऊन वसई आणि नगर भागात फिरताना मला ही वाटच पुन्हा पुन्हा दिसत राहिली. लोक जिथे पदरचं काही घालतात, मग तो वेळ असेल, जमीन असेल, भाषा असेल किंवा सरकारी कागदावरचा हक्क असेल, तिथे पवित्र ते जिवंत आहे. जिथे ते विकत आणलं जातं तिथे सोहळा मोठा होतो आणि माणसं प्रेक्षक होतात.

त्याच बुधवारी पहाटेच्या मिस्सेहून थेट वसई रोड किंवा नालासोपारा स्टेशन गाठणारी माणसं दिसतात. खांद्याला डबा, कपाळावर राख, आणि विरारहून भरूनच आलेली लोकल. काहीजण गाडी यायच्या आधी रुमालाने कपाळ पुसतात. त्यांना मी दोष देत नाही. ऑफिसात शिरल्यावर पहिला तास ‘हे काय लागलंय’ या प्रश्नाला उत्तर देण्यात घालवायची प्रत्येकाची तयारी नसते. आणि हल्लीच्या दिवसांत आपली ओळख कपाळावर घेऊन अनोळखी गर्दीत उभं राहायला थोडं धैर्यही लागतं. तरी पुसत नाहीत अशी माणसंही त्याच डब्यात असतात. दाराला लटकलेली, घामाने ओघळलेली राख तशीच घेऊन चर्चगेटला उतरणारी.

वसईत पवित्र वस्तूंचा इतिहास साधा नाही. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. पुढच्या दोनशे वर्षांत इथे चर्च उभी राहिली, मठ उभे राहिले, आणि देवळं पाडलीही गेली. ही दोन्ही वाक्यं एका श्वासात म्हणायची आम्हा वसईकर ख्रिस्ती माणसांना सवय लावून घ्यावी लागते. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला घेतला. विजयाची खूण म्हणून चर्चच्या मोठाल्या घंटा उतरवून नेल्या गेल्या आणि मराठी मुलखातल्या देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरला अशी एक घंटा आहे. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर जी आहे तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मारिया कोरलेली आहे.

मेणवलीच्या घाटावर उभं राहून मी ती मारिया निरखून पाहिली आहे. लुटीची वस्तू म्हणून राग यावा, असं काही मनात आलं नाही. घंटा वितळवून तोफा ओतता आल्या असत्या. तसं न करता ज्यांनी ती जिंकली त्यांनी ती देवापुढेच टांगली. ज्यांच्या देवळांची नासधूस झाली होती त्यांच्याच हातून मारियेची मूर्ती कोरलेलं ते धातूकाम जपलं गेलं. ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मोकळीकही तहात मिळाली. विजेत्यांच्या राज्यात वसईच्या आळ्यांमधून प्रार्थना चालू राहिल्या, त्या काही काळ मोजक्या धर्मगुरूंच्या आणि बऱ्याचशा घरच्या बायाबापड्यांच्या भरवशावर. पवित्र वस्तू हातून गेल्यावरही पवित्र ते राहू शकतं, याचा इतका ठसठशीत दाखला मला दुसरा माहीत नाही.

याच मातीतला गोन्सालो गार्सिया. सोळाव्या शतकाच्या मध्याला वसईत जन्मला, व्यापारासाठी पूर्वेकडे गेला, फ्रान्सिस्कन संघात बंधू झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर मारला गेला. १८६२ साली रोमने त्याला संत घोषित केलं. भारतात जन्मलेला पहिला संत तो. गासच्या चर्चला त्याचं नाव आहे. वसईच्या मुलांना तो शाळेत शिकवला जात नाही, धर्मशिक्षणाच्या वर्गात तेवढा भेटतो.

नंदाखाल, गास, भुईगाव, गिरीज, वाघोली, कुठल्याही गावात शिरा, आळीच्या तोंडाशी क्रूस दिसतो. चुन्याचा हात दिलेला चौथरा, पायाशी गळून थिजलेलं मेण, क्रूसाला मोगऱ्याची किंवा झेंडूची माळ, बहुधा वाडीतल्याच फुलांची. मे महिन्यात आणि ऑक्टोबरात संध्याकाळी इथे जपमाळ होते. एक प्रभूची प्रार्थना, दहा वेळा नमो मरिये, मग पित्याला, पुत्राला, पवित्र आत्म्याला गौरव. असं पाच वेळा. अर्धी आळी एक ओळ म्हणते, उरलेली अर्धी ती पुरी करते. लाल लुगड्यातल्या कुपारी समाजाच्या आज्या पुढे बसतात, त्यांच्यामागे सुना, आणि सगळ्यांत मागे, चौथऱ्याला टेकून, घाई असलेली तरणी मुलं. शेवटी मरियेची लितानी, एखादं भजन, आणि उकडलेले चणे व खोबऱ्याचे तुकडे. लहानपणी आम्ही चण्यांसाठी यायचो हे खरं, पण चणे हातात पडेपर्यंत पन्नास वेळा नमो मरिये तोंडून गेलेली असायची, आणि ती कायमची पाठ झाली.

आता या वेळेला क्लास सुटत नाहीत. नोकरीवरून परतणारी गाडी अजून बोरिवलीच्या अलीकडे असते. पाण्याचा टँकर नेमका तेव्हाच येतो. काही आळ्यांनी जपमाळ आठवड्यातून एकदा केली, काहींनी आठ वाजता नेली, काही ठिकाणी ती चार म्हाताऱ्यांवर आली आहे. एका आळीत मात्र वेगळं पाहिलं. तिथे दर संध्याकाळची जपमाळ एकेका घराने वाटून घेतली आहे. माळ गुंफायची, दिवा लावायचा, चणे उकडायचे आणि मुख्य म्हणजे पहिली ओळ आपल्या तोंडाने म्हणायची. ज्या मुलाला पहिली ओळ म्हणायची असते त्याला त्या दिवशी मोबाइल ठेवावा लागतो, ते कोणी सांगावं लागत नाही. तिथे तरणी मुलं मागे टेकून उभी नव्हती. मला वाटतं, धर्मगुरूंनी शंभर प्रवचनांत जे सांगितलं असतं ते त्या पाळीच्या वहीने केलं.

मुंबईत गिरगाव, वांद्रे, माझगाव भागातले कितीतरी क्रूस १८९६ च्या प्लेगच्या साथीत उभे राहिले. गल्ली वाचावी म्हणून नवस बोलून. त्यांतले काही रस्तारुंदीत गेले, काही कोर्टकचेरीत अडकले, काही अजून उभे आहेत. एखादा क्रूस पाडला जातो तेव्हा समाज एकत्र येतो, मेणबत्त्या घेऊन मोर्चा काढतो, आणि काढायलाच हवा. मात्र जो क्रूस कोणी पाडलेला नाही, पण ज्याच्यापुढे कित्येक वर्षांत कोणी गुडघे टेकलेले नाहीत, त्याच्यासाठी मोर्चा निघत नाही. या दुसऱ्या क्रूसाचं दुःख मला जास्त आहे.

क्रूसाची गोष्ट निघाली की जमिनीची निघतेच. वसईचा हा पट्टा केळीचा, विड्याच्या पानांचा, फुलांचा, भाजीचा. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी ही आगाशीची ओळख. प्रत्येक वाडीला विहीर आणि वाडीच्या उताराला बावखल, पावसाचं पाणी साठवून जमिनीत मुरवणारं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस या हरित पट्ट्यातली मोठी जमीन बांधकामाला खुली झाली आणि बावखलं मातीने भरू लागली. त्या वेळी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समिती घेऊन रस्त्यावर उतरले. धर्मगुरूने मिस्सा सांगावी, टँकरवाल्यांशी आणि बिल्डरांशी काय घेणं, असं त्यांना चर्चच्या आतूनही ऐकावं लागलं. दहशतीच्या त्या काळात ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान शेतकरी त्यांच्यामागे उभे राहिले. पुढे २००९ साली वसई-विरार महापालिका झाली तेव्हा गावं वगळण्यासाठी जे आंदोलन पेटलं त्यातही या आधीच्या लढ्याची धग होती.

दिब्रिटोंच्या लेखी वेदी आणि विहीर वेगळ्या नव्हत्या. ज्या पाण्याने स्नानसंस्कार करायचा ते पाणी खारं झालं, ज्या वाडीतली फुलं वेदीवर वाहायची ती वाडी सिमेंटखाली गेली, तर वेदी शाबूत राहून काय उपयोग, असा त्यांच्या कामाचा सरळ अर्थ मी घेतो. निर्मळच्या तळ्याकाठी शंकराचार्यांच्या समाधीची यात्रा भरते आणि तिथून हाकेच्या अंतरावर पवित्र क्रूसाचं चर्च आहे. पाण्याची पातळी घटली तर दोघांचीही घटते.

मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजात ऑक्टोबरात आगेरा असतो, नव्या पिकाचा सण. भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणतात, धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात, त्या घरोघर नेल्या जातात. १८८७ साली ज्या समाजाने स्वतःला ईस्ट इंडियन हे नाव घेतलं, त्याची मूळ गावठाणं आता टॉवरांच्या सावलीत आहेत. गोराई-उत्तनकडे थोडी शेती दिसते. बाकी ठिकाणी लोंबीही बाहेरून आणावी लागते. त्यांच्या लग्नात आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवरून ‘उंबराचं पाणी’ आणायची रीत आहे. कितीतरी विहिरींवर आता झाकण आहे. तरी समाजातली काही तरुण मंडळी गावठाणातली एकेक विहीर शोधून, साफ करून, ही रीत पुन्हा धरताहेत. त्यांना कोणी परंपरावादी म्हणून हिणवलं तर मला वाईट वाटतं. लग्नाला पाणी आणायचं तर विहीर जिवंत ठेवावी लागते, एवढं त्यांना कळलेलं आहे.

आता भाषेबद्दल. १५७९ साली गोव्यात आलेला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट इथल्या लोकांमध्ये राहून इतकी मराठी शिकला की १६१६ साली राशोलला त्याचं ख्रिस्तपुराण छापून झालं. सुमारे अकरा हजार ओव्या. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसांना कानात बसलेली पुराणाची लय हवी होती, ती त्याने त्यांना दिली. ते चर्चमध्ये आणि घराघरांत गायलं जाई. पुढे १६८४ साली पोर्तुगीज राजवटीनेच फर्मान काढून लोकांना आपली बोली सोडायला सांगितलं. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज हाती नाही. ख्रिस्तपुराण तरलं ते हस्तलिखितांवर. गोवा सोडून दक्षिणेला मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी ते हाताने उतरवून जपलं, आणि १९०७ मध्ये तिथेच ते पुन्हा छापलं गेलं. घर सोडून, जीव मुठीत धरून निघालेल्या माणसांनी गाठोड्यात पोथी घेतली, याचा विचार केला की मला आमच्या आजच्या सोयींची लाज वाटते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेचा दस्तऐवज मंजूर केला आणि लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत मिस्सा करण्याची वाट मोकळी झाली. वसईला मराठी मिस्सा मिळाली. ज्या म्हातारीने आयुष्यभर लॅटिन आवाज म्हणून ऐकला होता तिला पहिल्यांदा अर्थासकट प्रार्थना ऐकू आली. मग मराठी भजनं आली, पेटी-तबला आला. १९९८ साली वसई धर्मप्रांत स्वतंत्र झाला तेव्हा पहिले महागुरुस्वामी झाले थॉमस डाबरे, ज्यांनी तुकारामांच्या ईश्वरानुभवावर डॉक्टरेट केली होती. दिब्रिटोंनी बायबल आजच्या मराठीत आणलं, त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. जुलै २०२४ मध्ये ते गेले.

आज त्याच वसईत इंग्रजी मिस्सांची मागणी वाढते आहे. गोवा, मंगळूर, केरळहून आलेल्या, इमारतींत राहणाऱ्या कुटुंबांसाठी ती रास्तच आहे. पण कादोडी बोलीत भांडणाऱ्या, मराठीत बाजार करणाऱ्या घरातली मुलंही तिकडे जाताहेत, कारण शाळा इंग्रजी आणि मराठी प्रार्थना त्यांना वाचता येत नाही. पालक म्हणतात, मुलांना कळेल त्या भाषेत प्रार्थना होऊ दे. हे पालक १९६३ च्या परिषदेचंच म्हणणं मांडताहेत, त्यामुळे त्यांना उत्तर देणं सोपं नाही. माझं उत्तर एवढंच की आजी मरणाच्या दारात असताना नातवाला तिच्या उशाशी बसून ज्या भाषेत प्रार्थना म्हणावी लागणार आहे ती भाषा त्याला आतापासून यायला हवी. रविवारच्या धर्मशिक्षणात अर्धा तास देवनागरी वाचन घेणाऱ्या धर्मग्रामांत हा प्रश्न निम्मा सुटलेला मी पाहिला.

सोहळ्यांबद्दल थोडक्यात लिहितो. उपवासकाळात आमच्याकडे लग्नं लागत नाहीत, ही रीत अजून बऱ्यापैकी पाळली जाते. पण प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारताना आठ-नऊ वर्षांच्या मुलीला लग्नाच्या नवरीसारखं सजवायचं, हॉल घ्यायचा, वेदीच्या पायरीवर व्हिडिओवाल्याने पाठ करून उभं राहायचं, हे आता सगळीकडे आहे. कर्ज काढून हे करणारी घरं आहेत. भाकरीच्या रूपात देव हाती येतो त्या क्षणाला मुलीचं लक्ष कॅमेऱ्याकडे असतं, आणि तो दोष तिचा नसतो. ज्या धर्मगुरूंनी सगळ्या मुलांना एकसारखा पांढरा झगा आणि एकच छायाचित्रकार ठरवून दिला त्यांना शिव्या खाव्या लागल्या. मी त्यांच्या बाजूने आहे.

२०२० च्या मार्चमध्ये चर्च बंद झाली. २७ मार्चला पोप फ्रान्सिस पावसात, रिकाम्या सेंट पीटर चौकात एकटे उभे होते ते दृश्य आम्ही घरात बसून पाहिलं. पवित्र आठवडाही मोबाइलवर झाला. मिस्सा दिसत होती, ऐकू येत होती, पण ख्रिस्तप्रसाद जिभेवर येत नव्हता. त्या काळात काही घरांनी पहिल्यांदाच स्वतः जपमाळ धरली, बापाने पहिल्यांदा मोठ्याने बायबल वाचलं. आणि काही घरांना खाटेवर बसून मिस्सा ‘पाहायची’ गोडी लागली, ती अजून सुटलेली नाही. अंथरुणाला खिळलेल्यांना मोबाइलवरची मिस्सा हा मोठा आधार आहे, तो जाऊ नये. धडधाकट माणसाने मात्र पाय धुऊन, कपडे बदलून, घरातून निघावं. पवित्र गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. २०१६ पासून त्यांत स्त्रियाही बसू शकतात. मासे विकणारी बाई, रिक्षावाला, निवृत्त शिक्षक, एका बाकावर बसून पाय पुढे करतात, आणि धर्मगुरू गुडघ्यावर येऊन त्यांच्या टाचांच्या भेगांवर पाणी ओततो. त्या रात्री गौरवगीतानंतर घंटा वाजणं थांबतं. पुनरुत्थानाच्या रात्रीपर्यंत लाकडी फळीचा खडखडाट तेवढा. तो आवाज कोरडा आणि बेसूर असतो. रेकॉर्डिंगवर तो नुसता गोंगाट वाटतो, चर्चमध्ये अंगावर येतो.

वसई-मुंबईच्या बाहेर, नगरकडे गेलं की चित्र पालटतं. इथलं ख्रिस्तीपण पोर्तुगीज नाही. १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनने इथे काम मांडलं, १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू झालं. १८६०च्या दशकात कृष्णराव सांगळे यांनी येशूचं चरित्र कीर्तनातून सांगायला सुरुवात केली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी त्या परंपरेला मराठी भक्तीचा पुरा गाभा दिला. त्यांची पदं ‘उपासना संगीता’च्या पुस्तकातून आजही गावोगावच्या मंडळ्यांत टाळांवर गायली जातात, आणि कॅथलिक चर्चमध्येही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ प्रत्येक मराठी वाचकाने वाचलेलं असतं. त्यात मला सगळ्यात मोठी वाटते ती नवऱ्याच्या बाप्तिस्म्याने उद्ध्वस्त झालेली कर्मठ बाई आपल्या हाताने जातीची शिवाशिव टाकते ती जागा. शिवणार नाही म्हणून पवित्र, या कल्पनेत वाढलेल्या बाईने ताटात घेतलं म्हणून पवित्र, इथवर केलेला तो प्रवास आहे. आणि तो तिने कोणाच्या प्रवचनाने केला नाही.

केडगावला पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. दोन वर्षांनी छापून झालेल्या त्या बायबलाचे खिळे त्यांच्या मुक्तिसदन आश्रमातल्या बायकांनी जुळवले होते. दुष्काळातून, विधवापणातून, रस्त्यावरून आलेल्या बायका. ज्यांना अक्षर शिवायची मुभा नव्हती त्यांच्या बोटांवर त्या पवित्र शब्दाची शाई होती.

श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते, मारियेच्या जन्मदिनाच्या आसपास. एकेकाळच्या साखर कारखान्याचं हे गाव. गेल्या सात दशकांहून अधिक काळ मराठवाड्यातून, नाशिक-पुण्याकडून माणसं इथे येतात, कित्येक पायी. ऊसतोड करणारी, वीटभट्टीवरची, शहरात सफाई करणारी. त्यांत पूर्वास्पृश्य समाजातले ख्रिस्ती बहुसंख्य. नारळ, मेणबत्ती, हिरवी साडी, नवस, भजनी मंडळं, रात्रभर ट्रकच्या सावलीत झोपलेली लेकरं. शहरी ख्रिस्ती माणसाला ही यात्रा ‘फार देशी’ वाटते. मला इथे आल्यावर वाटतं की स्टीफन्स ज्यांच्यासाठी लिहीत होता ते लोक हे.

या माणसांनी पवित्र ते धरून ठेवायला काय मोजलं आहे, हे सुखवस्तू धर्मग्रामांना कळलेलं नाही. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठरवला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेर आहेत. चर्चच्या नोंदवहीत बाप्तिस्म्याचं नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरा धर्म, असं दुहेरी आयुष्य कित्येक घरांनी काढलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका स्त्रीचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला. तिचा बाप्तिस्मा झाला आहे आणि ती नियमित चर्चला जाते, हे त्या निकालात तिच्या विरुद्ध गेलं. म्हणजे रविवारी मिस्सेला जाणं हा तिच्याविरुद्धचा पुरावा झाला. तिच्यासारख्या बाईला दर रविवारी चर्चची पायरी चढताना नोकरी, शिष्यवृत्ती, पोरांचं शिक्षण एका पारड्यात ठेवावं लागतं. वसईत आम्ही उशिरा पोहोचण्याबद्दल पापनिवेदन करतो.

आणि दुसऱ्या बाजूने चर्चच्या आतही जात संपलेली नाही. लग्न जुळवताना विचारली जाते, तमिळनाडूत दफनभूमीत भिंत घालून पाळली गेली आहे. एका ताटातली भाकरी मोडून खाणाऱ्या धर्मात ही विटंबना कुठल्याही क्रूस पाडणाऱ्याने केलेल्या विटंबनेपेक्षा लहान नाही, असं माझं मत आहे.

१९५० च्या आदेशाला आव्हान देणारी याचिका २००४ पासून न्यायालयात आहे. याच प्रश्नासाठी २०२२ साली नेमलेल्या बालकृष्णन आयोगाला मुदतवाढी मिळत गेल्या. भारतातली चर्च १० ऑगस्ट हा निषेधाचा दिवस म्हणून पाळतात, पण वसईच्या फार थोड्या आळ्यांना ती तारीख माहीत आहे. येत्या १० ऑगस्टला आमच्या चर्चमध्ये हरेगावकडच्या एखाद्या भजनी मंडळाला बोलवावं, त्यांचं ऐकावं, मिस्सेनंतर सह्यांचं निवेदन ठेवावं आणि त्या दिवसाचा जेवणखर्च आमच्या आळीने उचलावा, असा अर्ज मी धर्मग्रामाच्या परिषदेकडे दिला आहे. पुढच्या बैठकीत तो चर्चेला आहे.